हिमोग्लोबिन कमी निघालंय? रिपोर्ट हातात आल्यापासून गोळी बंद होईपर्यंत

हिमोग्लोबिन ९ च्या आसपास निघालं की बहुतेक घरांत पुढची खरेदी ठरलेली असते: बीट, डाळिंब, खजूर आणि काळा गूळ. आई रोज सकाळी बीटाचा रस हातात देते, शेजारच्या काकू मनुका भिजवायला सांगतात. दोन महिन्यांनी पुन्हा तपासावं तर आकडा तिथल्या तिथेच, फार तर ९.३. मग "हिच्या अंगालाच लागत नाही" असा निकाल लागतो.

अंगाला लागत नाही असं काही नसतं. हिशेबच जुळत नसतो, आणि तो एकदा मांडून पाहिला की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप समजतात.

आधी हिशेब

पन्नास किलो वजनाच्या बाईचं हिमोग्लोबिन ९ असेल, तर ते १३ पर्यंत नेऊन शरीरातला रिकामा साठाही भरायला साधारण १००० मिलिग्रॅम लोह लागतं. आता बीट घ्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम बीटात लोह असतं जेमतेम ०.८ मिलिग्रॅम. वनस्पतीतल्या लोहापैकी शरीर शोषून घेतं ते शेकडा पाच-दहा टक्के, लोह कमी असलेल्या माणसात थोडं जास्त. म्हणजे पावशेर बीट खाल्लं तरी हाती एक मिलिग्रॅमचा पाव भागसुद्धा येत नाही. गुळात १०० ग्रॅमला साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह आहे, पण गूळ आपण खातो खडाभर. दहा ग्रॅम धरा, अर्धा मिलिग्रॅमही होत नाही. बीटाचा लाल रंग हा बीटाचा स्वतःचा रंग आहे, त्याचा रक्ताशी काही संबंध नाही.

दुसरीकडे शरीर रोज एक मिलिग्रॅमच्या आसपास लोह तसंच गमावतं आणि पाळी येणाऱ्या बाईचा सरासरी खर्च त्याहून बराच जास्त असतो. चांगल्या जेवणातून मिळणारं एक-दोन मिलिग्रॅम या रोजच्या खर्चातच संपतं. जुनी तूट त्यातून भरायची तर वर्षं लागतील. माझं म्हणणं एवढंच आहे की तूट गोळीने भरायची आणि भरलेलं जेवणाने टिकवायचं. ही दोन वेगळी कामं आहेत. आपण उलटं करतो: तूट बीटाने भरायला जातो, आणि गोळी पंधरा दिवसांत सोडून देतो.

हा प्रश्न किरकोळ नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ४८ टक्के होता. निम्म्याहून जास्त बायका थकलेल्या असल्या की थकवा हीच नेहमीची गोष्ट वाटू लागते आणि कुणी तपासायलाच जात नाही.

तपासणी कुणी करावी

जिना चढताना धाप लागते, दुपारी डोळे मिटतात, केस मूठभर जातात, ओठांचे कोपरे चिरतात, रात्री अंथरुणात पाय सतत हलवावेसे वाटतात. ही लक्षणं बऱ्याच जणींना ठाऊक असतात. एक लक्षण मात्र लाजेखातर कुणी सांगत नाही: कच्चे तांदूळ खावेसे वाटणं. तांदूळ निवडताना मूठभर तोंडात टाकणं, पाटीवरची पेन्सिल किंवा खडू चघळणं, मातीचा वास आला की तोंडाला पाणी सुटणं, फ्रीजमधला बर्फ कडाकडा चावणं. घरचे याला वाईट खोड म्हणतात, "तांदूळ खाल्ले तर लग्नात पाऊस पडेल" म्हणून चिडवतात. पण लोहाच्या कमतरतेची ही अगदी ओळखीची खूण आहे आणि लोह भरून आलं की ती ओढ बहुतेकांची आपोआप जाते. घरातली मुलगी तांदळाच्या डब्याभोवती घुटमळत असेल तर ओरडू नका, रक्त तपासा.

रिपोर्ट कसा वाचायचा

तपासणीचं नाव सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची पूर्ण मोजणी. तिला उपाशीपोटी जावं लागत नाही. बोटाला टोचून यंत्रावर जे हिमोग्लोबिन दाखवतात ते शिबिरात ठीक आहे, पण उपचार ठरवायचे तर शिरेतलं रक्त देऊन पूर्ण सीबीसी करावी.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा अशी: प्रौढ बाईला १२, पुरुषाला १३, गरोदर बाईला साधारण ११ (मधल्या तीन महिन्यांत १०.५). याखाली आलं की रक्तक्षय. बाई गरोदर नसेल तर ८ च्या खाली गंभीर, गरोदर असेल तर ७ च्या खाली.

बहुतेक लोक हा एक आकडा पाहून कागद घडी घालतात. खरी माहिती त्याच्या खालच्या ओळींत असते.

एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार. ८० ते १०० ठीक. ८० च्या खाली म्हणजे पेशी लहान, आणि लहान पेशींचं सगळ्यात मोठं कारण लोहाची कमतरता. १०० च्या वर म्हणजे पेशी मोठ्या, तिथे संशय बी-१२ किंवा फॉलिक अॅसिडच्या कमतरतेवर जातो. शाकाहारी घरांत गंमत अशी होते की दोन्ही एकदम कमी असतात. एकाने पेशी लहान होतात, दुसऱ्याने मोठ्या, आणि सरासरी येते अगदी नॉर्मल. तेव्हा आरडीडब्ल्यू पाहायचा. पेशींच्या आकारात किती फरक आहे ते तो सांगतो, आणि अशा मिश्र रक्तक्षयात तो वाढलेला असतो. वर्षानुवर्षं दूधही बेताचंच घेणाऱ्या शाकाहारी माणसाने बी-१२ तपासल्याशिवाय फक्त लोहाच्या गोळ्यांवर भरवसा ठेवू नये.

दुसरी फसगत थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक दोषाच्या सौम्य रूपाची. इथेही पेशी लहान, हिमोग्लोबिन किंचित कमी, पण लाल पेशींची संख्या मात्र भरपूर, पन्नास लाखांच्या वर. एमसीव्हीला लाल पेशींच्या संख्येने (दशलक्षांत) भागा: उत्तर १३ च्या खाली आलं तर डॉक्टरांना एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या) तपासणीबद्दल विचारा. हा अंदाज आहे, निदान नव्हे. पण सिंधी, कच्छी, लोहाणा कुटुंबांत, आणि ज्यांच्या नात्यात थॅलेसेमिया मेजरचं (याच दोषाच्या गंभीर रूपाचं) मूल आहे त्यांनी तो जरूर करावा. या लोकांना वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, हिमोग्लोबिन हलत नाही आणि लोह मात्र शरीरात साठत जातं. विदर्भात, गडचिरोली-चंद्रपूरकडे आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांत सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार आहे. तिथे त्याची तपासणी आधी झालेली बरी. सरकारी दवाखान्यांत ती मोफत होते.

लोहाच्या साठ्याचा थेट अंदाज देणारी तपासणी म्हणजे फेरिटिन. १५ च्या खाली आलं तर साठा संपलेलाच आहे. अनेक डॉक्टर ३० च्या खालीच उपचार सुरू करतात. हिमोग्लोबिन १२.२ आणि फेरिटिन ८ अशी बाई "नॉर्मल" म्हणून परत पाठवली जाते, आणि तिचे केस गळतच राहतात. एक लक्षात ठेवा: ताप, जंतुसंसर्ग, संधिवात, लिव्हरचा त्रास असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. तापात केलेल्या फेरिटिनवर जाऊ नका.

मधुमेहींसाठी आणखी एक. लोहाची कमतरता असेल तर तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, प्रत्यक्षापेक्षा थोडी जास्त दिसू शकते. घरच्या ग्लुकोमीटरचे आकडे चांगले आणि एचबीएवनसी वाढलेली असेल तर हिमोग्लोबिन पाहिल्याशिवाय औषध वाढवून घेऊ नका.

गळती कुठे आहे ते शोधा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. लोह कमी झालं म्हणजे एकतर आत कमी गेलं, किंवा शोषलं गेलं नाही, किंवा कुठून तरी रक्त जातंय.

पाळीचं रक्त "सगळ्यांना जातं तेवढंच" हे उत्तर निरुपयोगी आहे. नेमकं विचारा: पॅड दर एक-दोन तासांनी बदलावा लागतो का, रात्री उठून बदलावा लागतो का, मोठ्या गाठी पडतात का, सात दिवसांच्या वर चालते का. यातलं एकही उत्तर हो असेल तर गोळीबरोबर स्त्रीरोगतज्ज्ञही हवा. फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) तसाच ठेवून लोह देत राहणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

मूळव्याधीचं रक्त लोक वर्षानुवर्षं अंगावर काढतात. गुडघेदुखीसाठी, अंगदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्या तर जठरातून थोडं थोडं रक्त झिरपतं, आणि ते दिसतही नाही. शेतात अनवाणी काम करणाऱ्यांना हुकवर्म नावाचे जंत होतात, ते आतड्याला चिकटून रक्त पितात. जंताची गोळी (अल्बेंडॅझोल ४०० मिलिग्रॅम) स्वस्त आहे. डॉक्टरांना विचारून ती आधी घ्या. अॅसिडिटीची गोळी सकाळी चहाआधी घ्यायची अनेकांना वर्षानुवर्षांची सवय असते. जठरातलं आम्ल कमी झालं की लोहही कमी शोषलं जातं, त्यामुळे ही गोळी खरंच चालू ठेवायची आहे का हे एकदा विचारून घ्या.

आणि हे वाक्य ठळक अक्षरांत वाचा: पुरुषाला किंवा पाळी गेलेल्या बाईला लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय झाला, तर नुसत्या गोळ्या घेऊन गप्प बसायचं नाही. त्या वयात रक्त बहुधा पोटातून किंवा आतड्यातून जात असतं. दुर्बिणीची तपासणी लागू शकते. आतड्याचा कर्करोग कधी कधी फक्त एवढ्याच खुणेवरून लवकर सापडतो.

बसल्याजागी धाप लागणं, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, डांबरासारखी चिकट काळी शी, गरोदरपणात ७ च्या खालचं हिमोग्लोबिन: यांपैकी काही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच दवाखान्यात जा.

गोळी: कोणती, केव्हा, कशी

औषधाच्या पट्टीवर दोन वेगळे आकडे असतात आणि त्यात सगळे गोंधळतात. फेरस फ्युमरेट २०० मिलिग्रॅम लिहिलं असेल तर त्यातलं प्रत्यक्ष लोह असतं सुमारे ६५ मिलिग्रॅम. फेरस अॅस्कॉर्बेटच्या गोळ्यांवर मात्र बहुतेक वेळा प्रत्यक्ष लोहाचाच आकडा असतो, म्हणजे १०० लिहिलं तर १००. दोन पट्ट्यांची तुलना करायची तर प्रत्यक्ष लोहाचा आकडा बघा. महागड्या गोळीत जास्त लोह असतं असं अजिबात नाही.

सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. २०१८ मध्ये सुरू झालेल्या अॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमाखाली ती उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात, आशाताईंकडे फुकट मिळते. गरोदरपणात रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस. शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींना आठवड्याला एक निळी गोळी, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना गुलाबी. "सरकारी गोळी म्हणजे हलकी" हा समज सोडून द्या. मेडिकलमधून पैसे मोजून आणता, लोह तेच असतं.

घेण्याची वेळ. सगळ्यात चांगलं शोषण रिकाम्या पोटी होतं: जेवणाआधी तासभर किंवा जेवणानंतर दोन तासांनी, पाण्याबरोबर किंवा लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. मळमळायला लागलं तर जेवणाबरोबर घ्या. थोडं कमी शोषलं जाईल, पण फेकून दिलेल्या गोळीपेक्षा पोटात गेलेली गोळी केव्हाही बरी. अनेकींना रात्री झोपताना घेतलेली सोसते, कारण मळमळ झोपेत निघून जाते.

काय एकत्र घ्यायचं नाही ते मात्र काटेकोर पाळा. चहा-कॉफी आणि दूध नाही. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी यांच्यात किमान दोन तास. गरोदर बायकांना दोन्ही गोळ्या एकदम लिहून मिळतात आणि त्या दोन्ही एका घोटात घेतात, तसं नको: कॅल्शियम दुपारी जेवताना, लोह रात्री. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेत असाल तर लोह त्यानंतर चार तास तरी नको.

रोज एक की दिवसाआड? लोहाची गोळी घेतली की शरीर हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं, आणि ते पुढचे चोवीस तास लोहाचा दरवाजा अर्धवट बंद ठेवतं. त्यामुळे दिवसाला दोन-तीन गोळ्या घेतल्याने दुप्पट-तिप्पट फायदा होत नाही, फक्त पोट बिघडतं. सौम्य रक्तक्षयात बरेच डॉक्टर आता एक दिवसाआड गोळी देतात आणि ती सोसतेही चांगली. हे विचारून ठरवा. गरोदरपणात मात्र स्वतःच्या मनाने दिवसाआड करू नका.

शी काळी होते. घाबरायचं नाही, ते न शोषलेलं लोह आहे. ती हिरवट-काळी आणि घट्ट असते. डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची असेल तर ते रक्त असू शकतं, आणि वर लिहिल्याप्रमाणे दवाखाना. बद्धकोष्ठ झालं तर पाणी वाढवा, रोज एखादा पेरू किंवा भिजवलेल्या मनुका घ्या. तरीही त्रास असेल तर गोळी बदलून मागा, सोडू नका. सिरप घेत असाल तर स्ट्रॉने घ्या, दात काळे पडत नाहीत.

गोळ्यांचा डबा लहान मुलांच्या हाती लागता कामा नये. लाल, गोड कवचाच्या गोळ्या लेकरांना चॉकलेट वाटतात, आणि मूठभर लोहाच्या गोळ्या लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात. फ्रीजवर, देव्हाऱ्याशेजारी, टीव्हीखाली ठेवायची सवय असेल तर ती आजच मोडा.

शिरेतून लोह देण्याची वेळ काहींवर येते: गोळी अजिबात सोसत नाही, आतड्याचा आजार आहे, बाळंतपण जवळ आलंय आणि हिमोग्लोबिन फार खाली आहे. याला "रक्त चढवणं" समजून घाबरू नका. ते लोहाचं औषध आहे, सलाइनमधून, दवाखान्यात, देखरेखीखाली.

चहाचं काय करायचं

ताटाकडे वळण्याआधी कप बाजूला करू. लोह वाढवण्यासाठी स्वयंपाकघरात एकच बदल करायचा असेल तर मी नव्या भाज्या सांगणार नाही, चहाची वेळ सांगेन. चहातले टॅनिन लोहाला धरून ठेवतात आणि जेवणाबरोबर घेतलेला चहा त्या जेवणातल्या लोहाचं शोषण निम्म्याहून खाली आणू शकतो. कॉफीचंही तेच, थोडं कमी प्रमाणात. जेवणानंतर तासाभराने घेतलेल्या कॉफीनेही शोषण अडल्याचं प्रयोगांत दिसलंय, पण जेवणाच्या तासभर आधी घेतलेल्या कॉफीने काही बिघडलं नाही.

आपल्याकडे सकाळी पोह्याच्या बशीशेजारी चहाचा कप असतोच. शेतावर भाकरी खाऊन झाली की थर्मास उघडतो. ऑफिसात डबा संपला की "चल, कटिंग मारू". दिवसातली तिन्ही चांगली जेवणं अशी वाया जातात.

चहा सोडायला मी सांगत नाही. सांगून कुणी सोडतही नाही. वेळ हलवा: उठल्या उठल्या पहिला चहा, मग तासाभराने नाश्ता, चहाविना. दुपारचा चहा जेवणानंतर दीड-दोन तासांनी, म्हणजे तसाही आपला चारचा चहा. एवढं जमलं तरी पुष्कळ झालं.

ताटात काय

तांदळात लोह नगण्य, १०० ग्रॅमला ०.६ मिलिग्रॅमच्या आसपास. ज्वारीत सुमारे ४ आणि बाजरीत ६.४. रोजच्या पोळीऐवजी रात्री बाजरीची भाकरी हा साधा बदल आहे आणि हिवाळ्यात तो आपण करतोच. बाजरीचं "धनशक्ती" हे लोह जास्त असलेलं वाण इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मिळून काढलं. अशा लोहयुक्त बाजरीची भाकरी महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांना काही महिने रोज देऊन पाहिली तेव्हा त्यांच्या शरीरातला लोहाचा साठा वाढल्याचं दिसलं. नगर, नाशिक, बीडकडे शेती असेल तर बियाण्याच्या दुकानात या वाणाची चौकशी करा.

कडधान्यांत मटकी आणि कुळीथ पुढे आहेत, दोन्हींत १०० ग्रॅमला आठच्या आसपास. पण कडधान्यांत आणि धान्यांत फायटेट असतं, ते लोह अडवून धरतं. आपल्या आज्यांनी यावर उपाय करून ठेवलाय: मोड आणणं. भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणलेल्या मटकीतलं फायटेट कमी होतं. आंबवण्यानेही होतं. म्हणून उसळ, आंबोळी, घावन, इडली हे कच्च्या पिठाच्या पदार्थांपेक्षा लोहाच्या दृष्टीने सरस.

त्यावर लिंबू हवंच. व्हिटॅमिन सी अडलेलं लोह सोडवतं. पण ते उष्णतेने जातं, म्हणून लिंबू गॅस बंद केल्यावर, शक्यतो ताटात वाढल्यावर पिळा. मिसळीबरोबर लिंबाची फोड आणि कच्चा कांदा येतो ना, तेच घरच्या उसळीला करा. आवळा, पेरू, कच्ची कैरी, कोथिंबीर, हिरवी मिरची, कोबीची कोशिंबीर, यांतलं काहीतरी प्रत्येक जेवणात कच्चं असू द्या. पेरू तर स्वस्त आहे आणि व्हिटॅमिन सीच्या बाबतीत संत्र्याला मागे टाकतो.

पालेभाज्यांत पालकाचं कौतुक जरा जास्तच झालंय. पालकात लोह अडवणारं ऑक्सॅलेट भरपूर, शोषण कमी. त्यापेक्षा माठ, शेवग्याचा पाला, हरभऱ्याचा पाला, चवळईची भाजी घ्या. कोकणात शेवग्याचा पाला गोकुळाष्टमीला करतात. तो वर्षभर करायला कुणाची हरकत नसावी.

मग बिया. अळिवात १०० ग्रॅमला लोह १७ मिलिग्रॅमच्या आसपास आहे, तिळात १३-१५, कारळ्यात अळिवाइतकंच. बाळंतिणीला अळिवाचे लाडू देण्याची रीत म्हणूनच शहाणपणाची. फक्त ते बाळंतिणीपुरतेच का ठेवायचे? नारळ-गुळात शिजवलेला अळिवाचा एक लाडू मुलीच्या डब्यात रोज गेला तर चांगलंच. गरोदरपणात मात्र अळीव डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. कारळ्याची चटणी सोलापूर-साताऱ्याकडे भाकरीला रोज लागते. पुण्या-मुंबईत ती पाहुण्यांनी आणली तरच दिसते. भाकरीवर दोन चमचे, वर थोडं तेल, बाजूला कांदा. दोन चमच्यांतून सारं काही भरून निघणार नाही, पण ती रोज खाल्ली जाते, हे महत्त्वाचं.

मांसाहारी असाल तर काम सोपं. मटण, कलेजी, कोंबडीच्या मांडीचं मांस, तिसऱ्या (शिंपल्या), सुकट यांतलं लोह वनस्पतीपेक्षा कितीतरी चांगलं शोषलं जातं, आणि त्याच जेवणातल्या भाकरी-भाजीतलं लोहही ते ओढून घेतं. म्हणजे थोड्या सुकटीची चटणी संपूर्ण ताटाचं शोषण वाढवते. मटणाचे चार तुकडे घरातल्या पुरुषांच्या ताटात आणि रस्सा बायकांच्या, ही वाटणी मात्र मोडायला हवी. गरोदर बाईने कलेजी टाळावी, तिच्यात व्हिटॅमिन ए फार असतं.

लोखंडी कढईचं खरंच काम होतं, पण कशात शिजवता आणि किती वेळ यावर. कोरडी पोळी तव्यावर क्षणभर टाकली तर फारसं लोह उतरत नाही. चिंच-कोकम घातलेली आमटी, टोमॅटोचा रस्सा, पिठलं हे ओले, आंबट, सावकाश रटरटणारे पदार्थ लोह ओढतात. शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळपट होतं आणि धातूची चव येते.

दूध-दह्याबद्दल मी फार कडक राहणार नाही. कॅल्शियम लोह अडवतं हे खरं, पण मिश्र जेवणात एक वाटी ताकाने फार मोठा फरक पडत नाही. गोळी आणि दूध एकत्र नको, एवढं पुरे.

उपासाचे दिवस

श्रावणी सोमवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्रातले नऊ दिवस. रक्तक्षय असलेली बाई हेच उपास सगळ्यात निष्ठेने करते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, लोह जवळपास शून्य. त्यात उपासाला दिवसभर चहाच चालतो. उपास सोडायला सांगणं मला जमणार नाही, पण खिचडीच्या जागी राजगिऱ्याची भाकरी किंवा थालीपीठ, शेंगदाण्याची आमटी, पेरू आणि लिंबूपाणी असं जमवता येतं. राजगिऱ्यात लोह बाजरीहून जास्त आहे. गोळी उपासालाही चालते. "औषधाला उपास नसतो" हे घरातल्या मोठ्यांच्या तोंडून वदवून घ्या, मग ती निमूट घेतली जाते.

पुढची तपासणी, आणि गोळी कधी थांबवायची

गोळी सुरू केल्यावर आठ-दहा दिवसांत अनेकींना हुशारी वाटते. चार आठवड्यांनी सीबीसी करा. हिमोग्लोबिन किमान १ ने, बहुधा २ ने वाढायला हवं. वाढलं नाही तर हे प्रश्न क्रमाने विचारा: गोळी खरंच रोज घेतली का, चहा-कॅल्शियम-अॅसिडिटीच्या गोळीबरोबर घेतली का, रक्त अजून जातंय का, बी-१२ तपासलं का, थॅलेसेमिया मायनर पाहिला का. तिथेही उत्तर मिळालं नाही तर सीलिअॅक आजाराची तपासणी करावी लागते. त्यात गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याचं अस्तर खराब झालेलं असतं आणि लोह आत जातच नाही.

हिमोग्लोबिन १२ झालं की बहुतेक जणी गोळी बंद करतात. तेव्हा रक्त भरलेलं असतं, साठा रिकामाच असतो. पुढच्या दोन-तीन जोरदार पाळ्यांत सगळं पूर्ववत. हिमोग्लोबिन नॉर्मल आल्यावर आणखी तीन महिने गोळी चालू ठेवायची, मग फेरिटिन करायचं आणि मगच डॉक्टरांशी बोलून थांबवायचं. थॅलेसेमिया मेजर किंवा लोह साठण्याचा आजार असलेल्यांनी मात्र हे काहीच स्वतःच्या मनाने करू नये.

बंद केल्यावर तीन महिन्यांनी एकदा सीबीसी, मग वर्षातून एकदा. पाळी जोरात जाणाऱ्यांनी, लागोपाठ बाळंतपणं झालेल्यांनी आणि नियमित रक्तदान करणाऱ्यांनी फेरिटिनही जोडून घ्यावं. रक्तदानाला हिमोग्लोबिन १२.५ लागतं. शिबिरात "आज नको, ताई" म्हणून परत पाठवलं तर घरी जाऊन विसरू नका, त्याच आठवड्यात सीबीसी करून घ्या.